सव्वानऊचं मस्टर

खळ कशी करायची हे सांगून कळत नाही. मैदा थंड पाण्यात कालवायचा, पुस्तकाला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच. गुठळीची खळ पुठ्ठ्याला लागली की वरच्या कापडाखाली फोड उठतो, आणि असं फोड आलेलं पुस्तक मालक काही न बोलता तुमच्या पुढ्यात आणून ठेवतात. १९९४च्या पावसाळ्यात, पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळातल्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी पाऊण तास त्या पातेल्यासमोर उभा होतो. वय अठ्ठावीस, आयुष्यातली पहिली नोकरी. हाताचा कंप पुरता गेला नव्हता, त्यामुळे ढवळायचं काम आपोआपच बरं होत होतं.

दुपारी डबा उघडताना लक्षात आलं, त्या पाऊण तासात मला गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, आठवण झाली नव्हती. व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस काढले, तेव्हाही असा सलग पाऊण तास मिळाला नव्हता. तिथे दिवसभर बोलायचं ते गर्दबद्दलच. पहिल्यांदा कधी ओढली, कोणाकोणाला फसवलं, सोडून किती दिवस झाले. ते बोलावं लागतंच, त्याशिवाय आतली घाण निघत नाही. पण खळीला माझ्या आयुष्याशी काही देणंघेणं नव्हतं, आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

मी लालबागचा. वडील गिरणीत साचेखात्यात. आई खानावळ चालवायची, पंधरा-सोळा गडी जेवायला, कोणी कोकणातले, कोणी घाटावरचे. चाळीचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंग्यावर पाणी भरायचं, भोंग्यावर स्टोव्ह पेटायचा, पाळी सुटायची, पोरं शाळेला निघायची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर आली आणि भोंगा गप्प झाला. पहिले काही महिने सगळे जण संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभांना जायचे, तेही एक कामच होतं म्हणा. पुढे सभा पातळ झाल्या. खानावळीतले गडी गावाला गेले, त्यातले बरेचसे परत आलेच नाहीत. वडील मात्र पहाटे पाचला उठून दाढी करायचे, आंघोळ करायचे, धुतलेला शर्ट घालून गॅलरीत येऊन बसायचे. कुठेच जायचं नसलेल्या माणसाची ती रोजची दाढी मी बघायचो. सोळा वर्षांचा होतो.

संपामुळे गर्द आली असं मी म्हणणार नाही. ब्राऊन शुगर यायची अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या बाजूने, तिला आमच्या संपाचं काय? गिरणीचं तोंडही न पाहिलेली, बंगल्यांतली, चांगल्या कॉलेजांतली पोरंही तिच्यापायी गेली. पण मुंबईत ती पसरली त्याच वर्षांत, आणि ती आली तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं रिकामी होती, एवढं खरं. अमली पदार्थांचा कायदा १९८५चा. मी पहिल्यांदा चेस मारलं, म्हणजे पन्नीवर तापवून तिचा धूर ओढला, तेही १९८५मध्येच, मित्राच्या पोटमाळ्यावर, पन्नीखाली काडी धरून.

पुढची नऊ वर्षं मी बेकार होतो, असं नातेवाईक सांगतात. साफ चूक. गर्दुल्ल्याइतका राबणारा माणूस मी नंतर कुठल्याही कारखान्यात पाहिलेला नाही. सकाळी टर्की, म्हणजे नशा उतरल्यावरचा त्रास, लागायच्या आत पैसे उभे करायचे. संडासातल्या पितळी तोट्या, जिन्यातले बल्ब, कोणाची सायकल, शेवटी शेवटी आईची खानावळीची पातेली. मग भंगारवाला, मग पुडी, मग पन्नी, मग आडोसा, आणि चार-सहा तासांत पुन्हा पहिल्यापासून. रविवार नाही. लालबागचा पोरगा असून गणपतीचे दहा दिवससुद्धा सुट्टी नाही. आजारी पडलं तरी रजा नाही, उलट त्या दिवशी काम दुप्पट.

म्हणून सोडल्यानंतर काय होतं ते बाहेरच्याला समजत नाही. त्याला वाटतं, एक वाईट सवय गेली. जातो तो अख्खा दिवस. पुण्याला आत्याकडे राहायला आलो तेव्हा सकाळी सातला चहा व्हायचा आणि त्यानंतरची घडामोड म्हणजे एक वाजताचं जेवण. मधले सहा तास मी आत्याच्या फरशीवरच्या फुल्या मोजल्या आहेत. व्यसन सोडलेल्यांच्या मीटिंगमध्ये सांगतात, ‘फक्त आजचा दिवस.’ अमेरिकेत अक्रन गावी १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून ठेवायला सुरुवात केली, तिथून निघालेल्या परंपरेतलं हे वाक्य, आणि त्याने किती जणांचे जीव वाचवलेत याची गणती नाही. माझाही त्यात आला. पण आजच्या दिवसात सकाळचे अकराही वाजतात आणि दुपारचे चारही वाजतात, त्यांचं काय करायचं ते ज्याचं त्याने बघायचं असतं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींपासून सावध राहा, असंही तिथे शिकवतात. मी त्यात मनातल्या मनात पाचवी घातली होती, रिकामपण.

घरच्यांकडे या पाचव्या गोष्टीवर एक औषध असतं. ‘लग्न करून टाका. जबाबदारी पडली की सुधारेल.’ आमच्याकडेही दोन स्थळं आली होती, त्या मुलींचं नशीब थोर म्हणून मोडली. जबाबदारी पडली की माणूस सुधारतो हे ज्याने कोणी पहिल्यांदा म्हटलं, त्याने जबाबदारी पडल्यावर माणूस काय काय करतो हे पाहिलं नसावं. आधीच ज्याला स्वतःचं ओझं होत नाही, त्याच्या डोक्यावर अजून एक गाठोडं द्यायचं आणि म्हणायचं, आता तोल सावर.

पुण्यात तोवर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव झालेलं होतं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी ते उभं केलं. मी होतो ते केंद्र दुसरं, लहान. पण मुक्तांगणने पाडलेली एक वाट सगळ्यांनीच उचलली: बरे झालेल्यांनाच केंद्रात कार्यकर्ता म्हणून घ्यायचं. त्याचा उपयोग दुहेरी. नव्या पेशंटला समोर पुरावा दिसतो आणि जुन्याला काम मिळतं. मलाही विचारलं होतं. मी नको म्हटलं. मला जिथे गर्दचं नाव कोणी काढणार नाही अशी जागा हवी होती. आजही मला वाटतं, सुटलेल्या प्रत्येकाने दुसऱ्याला सोडवण्याच्याच कामात पडलं तर त्याचा दिवस पुन्हा त्याच पुडीभोवती फिरतो, फक्त उलट्या दिशेने. काहींना ते मानवतं. मला मानवलं नसतं.

बाइंडिंगचा कारखाना आत्याच्या ओळखीतला. तिने मालकांना सगळं सांगितलं होतं, काही लपवलं नव्हतं. मालक साठीच्या घरातले, धोतर नेसणारे, कानाने थोडे जड. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘लिहिता-वाचता येतं का?’ मॅट्रिक झालोय म्हटलं. म्हणाले, ‘मग पानांचे आकडे वाचता येतील. कारखाना नऊला उघडतो. मस्टर सव्वानऊला मिटतं.’

यावर नंतर मी खूप विचार केला आहे. लोक मला विचारतात, तुमच्यावर पहिला विश्वास कोणी टाकला? त्यांना मालकांचं नाव अपेक्षित असतं, आणि मी म्हणतो की मालकांनी माझ्यावर अजिबात विश्वास टाकला नाही. त्यांनी मला काम दिलं.

विश्वास आईने टाकला होता. पहिल्यांदा सोडली तेव्हा तिने कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘आता सगळं तुझ्यावर सोडलंय बाबा.’ दुसऱ्यांदा सोडली तेव्हाही दिली. प्रत्येक वेळी ती किल्ली हातात आली की मला दरदरून घाम फुटायचा. कपाटात फार काही नसायचंच. पण त्या किल्लीने माझ्यावर केवढं तरी कर्ज चढायचं, आणि ते फेडायची ऐपत माझ्यात नव्हती. कर्ज फेडता येत नाही म्हटल्यावर माणूस गाव सोडून पळतो. मी पळायचो ते पन्नीकडे.

मालकांच्या गल्ल्याची चावी त्यांच्या जानव्याला असायची. पितळी पट्ट्या, कातरीची सुटी पाती, काहीही भंगारात जाण्याजोगं असेल ते संध्याकाळी कुलपात. मला बँकेत कधी पाठवलं नाही, वसुलीला कधी पाठवलं नाही, सात वर्षं. तेव्हा वाईट वाटायचं. आज वाटतं, मी मोडू शकेन अशी कुठलीच गोष्ट त्या माणसाने माझ्या हातात दिली नव्हती, म्हणून मी टिकलो. त्यांनी मला कधी ‘घेतलीस का?’ विचारलं नाही. ‘फर्मे झाले का?’ एवढंच विचारायचे. पहिल्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं तरी समोरचा डोळ्यांत बघून तपासतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टेबलावर पडलेलं असतं, मोजून घ्या.

फर्मा म्हणजे सोळा पानं छापलेला मोठा कागद. तीन घड्या घातल्या की पानं क्रमाने लागतात. घडी घालायच्या आधी मात्र एकाच्या शेजारी सोळा असतं, आठाच्या शेजारी नऊ, म्हणजे पहिल्या फर्म्यात अशा जोडीची बेरीज नेहमी सतरा. हे कळलं त्या दिवशी मला कोण आनंद झाला होता! नऊ वर्षांत नवीन काही शिकलोच नव्हतो. फर्मे घालता घालता मी वाचायलाही लागलो, पण बाइंडरचं वाचन असंच: कादंबरीचा तिसरा फर्मा आणि सातवा फर्मा वाचलेला, मधलं काय झालं ते माहीत नाही. दिवाळी अंकांच्या हंगामात तर एका अंकातली कविता आणि दुसऱ्या अंकातलं राशिभविष्य एकमेकांत मिसळून जायचं.

घड्या घालायला बायका होत्या, शेकड्यावर मजुरी. मी गेलो की त्या आपल्या पिशव्या फळीवर चढवायच्या. वर्षभर चढवल्या. त्यातल्या एक मावशी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या, डबी संपली तर त्या दिवशी त्यांच्या हातून फर्मे वाकडे पडायचे, आणि त्या मला नशापाण्यावर ऐकवायच्या. मी ऐकून घ्यायचो. पिशवी फळीवरून खाली कधी आली ते मला सांगता येणार नाही. एक दिवस ती माझ्या पायाशी होती आणि मी तिला लाथ लागू नये म्हणून सरकवली, बस.

आता पगाराबद्दल. नोकरीचं कौतुक करणारे लोक पगाराचा दिवस विसरतात. सुटलेल्या माणसाच्या आठवड्यात शनिवार संध्याकाळइतकी वाईट वेळ नाही: खिशात पैसे, समोर रिकामा रविवार, आणि आठवडाभर राबल्याचा अभिमान. तो अभिमान फार वाईट. तो कानात म्हणतो, एवढं तर तुझं हक्काचं आहे. मी पैशांचा हिशेब तेव्हाही पुड्यांमध्ये करायचो, रुपये आपोआप पुड्यांत बदलून डोक्यात यायचे. मालकांनी काय केलं, बाकी सगळ्यांचा पगार शनिवारी, माझा सोमवारी सकाळी सव्वानऊला. चारचौघांत वेगळं काढल्याचा मला संताप यायचा. पण त्यात दोन गोष्टी साधल्या जायच्या. रविवारी माझा खिसा रिकामा असायचा, आणि सोमवारी मला यावंच लागायचं. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली ठाऊक नाही. बहुधा आधी कोणा दारुड्या कामगारावर करून पाहिली असावी.

तरी मी घसरलोच. त्याच दिवाळीत बोनस मिळाला. तो सोमवारी देण्याचं त्यांना सुचलं नाही, किंवा दिवाळी सोमवारपर्यंत थांबली नसती. एशियाडने दादर, तिथून पायी लालबाग. अकरा दिवस. ते दिवस सांगण्यासारखे नाहीत, जुनेच होते. बाराव्या दिवशी आत्याच्या दारात आलो, तिने आत घेतलं, आणि मला वाटलं कारखान्याचा विषय संपला. तीन दिवस टर्की काढली. चौथ्या दिवशी आत्या म्हणाली, ‘तुझा डबा भरलाय.’

मालकांनी मस्टर पुढे केलं. माझ्या नावापुढे ओळीने ‘गै’, ‘गै’, ‘गै’. म्हणाले, ‘एवढ्या दिवसांचे पैसे नाहीत.’ मी मान हलवली. ‘खळ करायची आहे.’ नाव काढलेलं नव्हतं. शिवी नाही, उपदेश नाही, मिठीही नाही. मी केंद्रात परत गेलो असतो तर तिथे रडलो असतो, सगळ्यांनी पाठीवर हात ठेवला असता, आणि तेही चुकीचं नसतं. पण गैरहजेरीचे पैसे कापले गेले तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या घसरण्याची नीट किंमत कळली: इतके दिवस, इतके रुपये, हिशेब पूर्ण. आईच्या वहीत हा हिशेब कधी पूर्णच होत नसे.

त्यानंतर आजपर्यंत घसरलो नाही. यात माझी बहादुरी किती, मीटिंगांची किती, आत्याच्या डब्याची किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

माझी भाची समाजकार्याचं शिकली. ती मला मधूनमधून परदेशातलं संशोधन वाचून दाखवते, म्हणते, मामा तुमचे मालक काळाच्या पुढे होते. तिने सांगितलेली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १९७१च्या सुमारास व्हिएतनाममधल्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइन इतकी पसरली होती की सरकार हादरलं, ही सगळी पोरं परत आली की काय होणार? ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी परत आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडले ते पाच टक्क्यांच्या आसपास. जागा बदलली, सोबत बदलली, दिवस बदलला. मी तिला म्हटलं, बरोबर आहे, पण त्यांना परत यायला घर होतं. माझं व्हिएतनाम लालबागमध्येच होतं, आणि मी घरी परत गेलो की युद्धावर परत जायचो. मला पुण्यात नवीन घर लागलं, आणि घर म्हणजे काय तर नऊ वाजता उघडणारं एक दार.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्याच बाल्टिमोरची. केनेथ सिल्व्हरमन यांनी हेरॉइन-कोकेनवाल्यांसाठी एक कामाची जागा काढली. शिकायचं, संगणकावर माहिती भरायची, रोजचे पैसे घ्यायचे. अट एक: आत यायच्या आधी लघवीची तपासणी. स्वच्छ आली तर आत या, नाही तर आज घरी जा, पुन्हा या. भाचीला वाटलं मला हे अपमानाचं वाटेल. मला अजिबात वाटलं नाही. मालकांचं मस्टर आणि ती बाटली यांत फरक काय? दोन्हीला तुमच्या शपथा नको असतात. ही अट असेपर्यंत लोक चांगले टिकतात आणि अट काढली की बरेच परत घसरतात, हेही तिने सांगितलं. हे ऐकून ती खट्टू झाली होती, मी नाही. चष्मा काढला की दिसत नाही म्हणून कोणी चष्म्याला नावं ठेवतं का? अट ठेवा. जन्मभर ठेवा. मी आज अठ्ठावन्न-साठीला आलो तरी सव्वानऊच्या आत पोचतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात पटली. आपल्याकडे काय म्हणतात, आधी पूर्ण बरा होऊ दे, वर्षभर स्वच्छ राहू दे, मग नोकरीचं बघू. न्यू हॅम्पशरला काही मंडळींनी १९९०च्या दशकात हे उलटं केलं, तेही तीव्र मानसिक आजार असलेल्यांसाठी. आधी खऱ्या बाजारातली खरी नोकरी मिळवून द्यायची, आणि मग ती टिकवायला सोबत राहायचं. बरं होण्याची वाट बघायची नाही. पुढे इंग्लंडात व्यसनावर उपचार घेणाऱ्यांसाठीही तीच पद्धत करून पाहिली. मी म्हटलं, पोहणं येईस्तोवर पाण्यात उतरू नकोस म्हणणारे आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यांच्याकडे विहीरही नाही.

मालक गेले. कारखाना त्यांच्या मुलाने नऱ्ह्याला हलवला, आता घडीचं मशीन आहे, गरम गोंदाचं मशीन आहे. खळ लागते ती ग्रंथालयांची जुनी पुस्तकं दुरुस्तीला येतात तेव्हा. मी सुपरवायझर. केंद्रातून बाहेर पडलेल्या पोरांना कुठेतरी चिकटवण्याचं कामही माझ्या गळ्यात पडलंय, नको नको म्हणता. फोन करतो, वर्कशॉपवाल्यांना, छापखानेवाल्यांना, गॅरेजवाल्यांना. दारू सोडलेला आहे म्हटलं की निम्मे तयार होतात, त्यांच्या घरात कोणीतरी असतोच. ड्रग्ज म्हटलं की फोनवरचा आवाज बदलतो.

पोरं विचारतात, काका, मधली चार वर्षं कुठे होतास विचारलं तर काय सांगायचं? मी म्हणतो, आजारी होतो म्हण. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजारातच धरल्या आहेत, म्हणजे तू खोटं बोलत नाहीस. पोलीस पडताळणीला मात्र हे उत्तर पुरत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यातलं सेवनाचं कलम सत्तावीस ज्याच्यावर लागलंय, त्याला वॉचमनची नोकरीसुद्धा जड जाते. त्याच कायद्यात चौसष्ट-अ आहे, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारं. पण ते माहीत असलेला पोरगा मला अजून भेटायचा आहे. वकील लावायला पैसे असते तर त्याने पन्नी धरली नसती असंही नाही म्हणा.

आणि सगळंच काम चांगलं असतं, हेही मला पटत नाही. आत्ता माझ्याकडे एक पोरगा आहे, चोवीस वर्षांचा. घरपोच माल पोचवायचं काम करायचा, मोटरसायकलवर, चौदा-चौदा तास. जास्त फेऱ्या तर जास्त पैसे. जाग राहावी म्हणून एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेऊ लागला. त्याला व्यसन लावलं ते कामानेच. आमच्या गर्दला निदान जिभेखाली ठेवायची गोळी आहे, सरकारी केंद्रात मिळते, तिच्यावर माणूस सावरतो. एमडीला तसली बदली गोळी नाही. २०१५पासून ते कायद्याने बंद आहे, तरी फेब्रुवारी २०२४मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून शेकडो किलो पकडलं. बातमी वाचताना माझ्या डोक्यात काय यावं, तर तिथेही पाळ्या असतील, तिथेही कोणीतरी मस्टर भरत असेल.

आता पगार फोनमध्ये येतो. सात तारखेला, मध्यरात्री कधीतरी, माणूस एकटा असताना. विकणाराही फोनवरच पैसे घेतो. माझ्या मालकांना हे कसं अडवता आलं असतं, मला कळत नाही. पोरानेच एका मीटिंगमध्ये माझी सोमवारची गोष्ट ऐकली आणि येऊन म्हणाला, ‘काका, मला पण तसंच द्या. दर सोमवारी, पाकिटात.’ अकाउंट्सच्या मॅडम वैतागल्या, एकासाठी वेगळं कशाला? धाकट्या मालकांनी सही केली. ड्रॉवरची चावी माझ्याकडे असते. पोराला मी ती दिलेली नाही आणि देणार नाही, आणि त्याला त्याचं वाईट वाटतं, तेही मला दिसतं.

पाच महिने झाले. या सोमवारी तो आला नाही. मंगळवारी नाही. बुधवारी त्याच्या आईचा फोन आला, ‘दादा, पोरगा आलाय ना कामावर? डबा घेऊन गेलाय.’ मी म्हटलं, ‘ताई, आज नाही आला.’ पलीकडे काही वेळ नुसता मिक्सरचा आवाज येत राहिला, मग तिने फोन ठेवला. धाकट्या मालकांनी विचारलं, नाव काढायचं का? मी म्हटलं, ‘गै’ लावा.

आज गुरुवार. पाकीट ड्रॉवरमध्ये आहे, वर त्याचं नाव, आत गेल्या आठवड्याच्या सहा दिवसांची मजुरी. ती त्याने भरलेल्या दिवसांची आहे.